सावल्या भरण्याचा धंदा

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या सेवापुस्तकात ओळखीच्या खुणेच्या रकान्यात ‘चेहऱ्यावर देवीचे वण’ अशा अर्थाची इंग्रजी नोंद होती. नागपूर-इटारसी मार्गावर रूळ तपासत फिरणाऱ्या त्यांच्या टोळीत अशी नोंद असलेले ते एकटे नव्हते. मी लहान असताना नरखेडच्या बाजारात भाजीवाल्या, हमाल, मोवाड-जलालखेड्याकडून बैलगाडीनं आलेले शेतकरी, अशा कुणाच्या ना कुणाच्या गालावर वण दिसायचेच. त्यांकडे कुणी निरखून पाहत नसे. निरखून पाहण्याची वेळ यायची ती लग्न जमवताना, आणि पुढे माझं पोट त्याच वेळेवर चाललं. नरखेडला माझा फोटो स्टुडिओ होता. चेहऱ्यावरचे खड्डे फोटोतून घालवणं हा त्या धंद्यातला मोठा भाग.

आता माझी नात गालावरच्या मुरमांच्या खड्ड्यांवर नागपुरात इलाज घेते आहे. कुठला इलाज घ्यावा, कुठला टाळावा, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. ती ऐकताना मनात सारखं येत राहिलं, की वण पडलेल्या चेहऱ्याला हात लावणाऱ्यांचा आमच्या तालुक्यात मोठा इतिहास आहे आणि तो लिहून ठेवला पाहिजे.

सुरुवात मातेपासून करावी लागते. आमच्याकडे गावाच्या कडेला मातामायचं ठाणं असतं. शेंदूर लावलेले दगड, कधी वर छोटं छप्पर. लग्नाआधी आजही तिथे पूजा नेतात. घरात कुणाला देवी आल्या की मातेचाच मुक्काम झाला असं मानत. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागायचा. फोडणी बंद, मटण बंद, दाढी-केस बंद. पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. आजाऱ्याला दहीभात आणि गार पाणी. खपल्या पडल्या की कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ, मग मातामायला नैवेद्य, आणि डोळे शाबूत राहिले असतील तर चांदीचे डोळे वाहायचे. ही चेष्टा करण्यासारखी गोष्ट नाही. पाहुण्याला बाहेर ठेवण्याच्या रीतीनं किती घरं वाचली असतील. शिवाय या समजुतीत एक मोठेपण होतं, ते मला आता जास्त कळतं: वण उठलेल्या माणसाला कुणी दोष देत नसे. ती देवीची करणी होती, त्याची नव्हे. आज मुरमांच्या पोरीला मात्र येणारा-जाणारा सांगतो, तू तळलेलं खातेस, तू तोंड धुत नाहीस, तू रात्री जागतेस. माझ्या वडिलांना आयुष्यात असं कुणी बोललं नसेल.

देवीची लस आपल्या देशात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ही लस शोधणाऱ्या जेन्नरनं इंग्लंडात 1796 साली जे दाखवलं, ते सहा वर्षांत इथवर पोचलं होतं. पण मुंबईहून खेड्यापाड्यांतल्या सगळ्या दंडांपर्यंत पोचायला दीड शतकाहून जास्त काळ लागला. माझ्या दंडावरचे डाग गोल फिरणाऱ्या पात्याचे आहेत. ते पातं कातडीवर टेकवून फिरवत आणि पोरं किंकाळ्या फोडत. साठच्या दशकाच्या अखेरीस दुतोंडी सुई आली, तिनं पंधरा हलके टोचे मारले की काम झालं. तरीही 1974 साली देशात देवीचे 1 लाख 88 हजार रुग्ण नोंदले गेले आणि 31 हजारांहून जास्त माणसं दगावली. मग घरोघर शोध जोरात चालला, रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस लागलं, आणि 1975 मध्ये ते 1000 रुपयांवर गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. मे 1980 मध्ये जगच देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

रोग गेला, वण राहिले. देवीतून उठलेल्यांपैकी 65 ते 80 टक्के माणसांच्या अंगावर ते कायमचे राहत आणि सगळ्यात जास्त चेहऱ्यावर. याचं कारण मला नातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. देवीचा विषाणू कातडीतल्या तैलग्रंथी नासवत असे, आणि चेहऱ्यावर त्या ग्रंथी दाट असतात. मुरूमही त्याच ग्रंथीत सुरू होतो. तोंड बुजतं, आत तेल साठतं, जंतू वाढतात, सूज खोल उतरते, आणि बरं होताना आतला आधार देणारा थर कमी भरून येतो. वर खड्डा दिसतो. माझ्या वडिलांच्या गालावरचे वण आणि माझ्या नातीच्या गालावरचे खड्डे एकाच ठिकाणी घडले, हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी काम शिकलो नागपूरला, इतवारीतल्या एका स्टुडिओत. माझे उस्ताद काचेच्या प्लेटवर काम केलेले. जुन्या प्लेटला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लालसर मुरूम फोटोत काळाकुट्ट यायचा. म्हणून त्यांच्या पिढीत रिटचिंगशिवाय एकही चेहरा दुकानाबाहेर जात नसे. मी धंद्याला लागलो तेव्हा सगळे रंग ओळखणारी फिल्म आली होती, 120 नंबरच्या रोलवर चौकोनी बारा फोटो निघत, आणि मुरमाचा लाल डाग बराच फिका यायचा. खड्डा मात्र यायचाच, कारण खड्ड्याला रंग नसतो, त्यात सावली असते.

हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. उजेड बाजूनं पडला की खड्ड्याची एक कड उजळते आणि दुसऱ्या कडेखाली सावली बसते. निगेटिव्हवर ती सावली पारदर्शक ठिपका म्हणून दिसते. तो ठिपका आजूबाजूइतका गडद केला की प्रिंटमध्ये गाल सपाट येतो. त्यासाठी शिसपेन्सिल. निगेटिव्हला आधी डमार राळ आणि टर्पेंटाइनचं बोट फिरवायचं, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल झिरो पेपरवर घासून सुईसारखी लांब करायची. खिडकीशी तिरकी चौकट, खाली आरसा, वर दुधी काच, डोळ्याला भिंग. मग एकेका खड्ड्यात बारीक स्वल्पविरामासारख्या रेघा. जोर जास्त झाला तर प्रिंटमध्ये पांढरा डाग उठतो. सगळा गाल एकदम भरायला गेलं तर चेहरा मेणाचा होतो, माणूस ओळखू येत नाही. उस्ताद सांगायचे, आधी ठिपका डाग आहे की खड्डा आहे ते ठरव. डाग कुठल्याही उजेडात तिथेच असतो. खड्डा उजेडाबरोबर सरकतो.

लग्नसराईच्या आधी पोरींना घेऊन आया यायच्या. “भाऊ, चेहरा गुळगुळीत करा जरा, पाहुण्याले दाखवाचा हाय.” मी मुख्य दिवा कॅमेऱ्याजवळ वर घ्यायचो, समोर पांढरी चादर धरायला लावायचो, म्हणजे निम्म्या सावल्या तिथेच बुजत. उरलेल्या पेन्सिलीनं. तीळ मी कधी काढला नाही, आणि देवीचे वण हलके ठेवायचो, शक्यतो पार पुसायचो नाही. पाहुणे शेवटी घरी येणारच असतात. फोटोतली पोरगी आणि पोहे घेऊन समोर आलेली पोरगी एकच वाटली पाहिजे, हा माझा नेम होता.

या कामाचं मोल मला सगळ्यात जास्त कळलं ते मोवाडच्या पुरानंतर. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. घरं गेली, घरातले फोटो गेले. माझ्याकडे जुन्या निगेटिव्ह पाकिटांत नावानिशी ठेवलेल्या होत्या. मोवाडची माणसं आपल्या गेलेल्यांचे फोटो मागायला येऊ लागली. एका बाईनं आपल्या बहिणीचा फोटो हातात घेतला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, “हे तिचं तोंड नाही, भाऊ. तिच्या गालावर वण होते नं.” ती निगेटिव्ह मी काढली, कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवून हलक्या हातानं फिरवला. शिसं उतरलं. खालचा चेहरा जसाच्या तसा होता. त्या वणांसकट प्रिंट काढून दिला, तेव्हा ती रडली आणि फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेली. त्यानंतर आणखी काही जणांनी तसंच मागितलं. मला वाटतं, चेहऱ्याचा इलाज निवडणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकावं. जवळच्या माणसांना वण खुपत नसतो. खुपतो तो परक्याला, आणि आरशात पाहणाऱ्याला. आरशात पाहणाऱ्याचं दुःखही खरं असतं, त्याला कमी लेखू नये. पण इलाज नक्की कुणासाठी चालला आहे, हे त्यानं आधी ठरवावं.

रंगीत रोल आले आणि पेन्सिल मोडीत निघाली. निगेटिव्ह लहान झाली, ती नागपूरच्या लॅबमध्ये धुऊन यायची, माझ्या हाती काही राहिलं नाही. मग खड्डे बुजवण्याचं काम पॅनकेक आणि फाउंडेशनकडे गेलं. पुढे गावात ब्युटी पार्लर निघाली, ब्लीच आणि फेशियल आलं. घरोघर संत्र्याच्या साली तर होत्याच. हा संत्र्याचा मुलुख. आंबिया बहाराची फळं आली की साली अंगणात वाळत पडायच्या, त्यांची पूड दुधात कालवून मुली तोंडाला लावायच्या. वासानं प्रसन्न वाटतं हे खरं. पण खड्डा कातडीच्या खालच्या थरात असतो, वरून चोळलेली कुठलीही पूड तिथवर जात नाही. साल खरखरीत दळली आणि जोरानं घासली तर मुरूम फुटतो आणि नवा खड्डा पडतो. बिब्ब्याचं तेल लावून भाजून घेतलेले गालही मी कॅमेऱ्यातून पाहिले आहेत. तो डाग मुरमाहून कितीतरी वाईट.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ट्यूबनं केलं. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, शेजारणीनं सांगितलेली, चार दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब. तिच्यात बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. लालसरपणा लगेच जातो म्हणून मुली महिनोन्महिने लावतात. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरूम दुपटीनं उठतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा असं नावच दिलं. त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, तरी ट्यूब हातोहात फिरतेच. माझ्या नातीलाही कॉलेजच्या पहिल्या वर्षी मैत्रिणीकडून ती मिळाली होती.

आम्ही तिला नागपूरला नेलं. ‘मेडिकल’ म्हणजे 1947 साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘मेयो’ हे दुसरं सरकारी रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहेत. नरखेडहून गाडीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. डॉक्टर बाईंनी पहिली गोष्ट केली ती अशी: खोलीतला दिवा बंद केला, एक दिवा गालाच्या बाजूला तिरका धरला, आणि दोन बोटांनी कातडी ताणून पाहिली. मी कोपऱ्यात उभा होतो. आमच्या खिडकीपाशी उस्ताद जे करायचे तेच त्या करत होत्या.

नंतर त्यांनी तिला समजावलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो. पहिली अट, मुरूम येणं थांबलं पाहिजे. नवे येत असताना जुने खड्डे बुजवणं व्यर्थ आहे. त्यासाठी लावायची औषधं असतात, आणि जास्त असेल तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, ज्या अमेरिकेत 1982 मध्ये मान्य झाल्या. त्या घेत असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून लग्न ठरलं असेल तर मुलीनं ते डॉक्टरांपासून लपवू नये. दुसरं, काळे-तांबूस डाग आणि खड्डे वेगळे करायचे. डाग उन्हापासून जपलं, सनस्क्रीन लावलं तर काही महिन्यांत उतरतात. नातीला ज्याची सर्वांत जास्त लाज वाटायची त्यातला निम्मा भाग नुसता डागच होता.

उरलेल्या खड्ड्यांचे तीन आकार असतात, अशी विभागणी 2001 पासून रूढ झाली. एक सुईनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल. दुसरे रुंद, उभ्या कडांचे. तिसरे लाटेसारखे, ज्यांना आतून तंतू खाली ओढून धरतात. कातडी ताणली की हे जवळजवळ दिसेनासे होतात. प्रत्येकाला इलाज वेगळा. अरुंद खड्ड्यात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचं तीव्र द्रावण लावतात, फक्त तळाशी, टोक काढलेल्या लाकडी काडीनं. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो, आणि पुढच्या आठवड्यांत आतून नवा थर धरतो. ही पद्धत कोरियातल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये मांडली. टोक काढलेली काडी, एकेक खड्डा, बाजूच्या कातडीला धक्का नाही. मला ती हालचाल ओळखीची होती. फरक हाच, की मी फोटोतली सावली भरत होतो आणि इथे गाल स्वतःच भरून येतो.

लाटेसारख्या खड्ड्यांसाठी सुई कातडीखाली सरकवून ओढणारे तंतू तोडतात. ओरेंट्राइख पितापुत्रांनी 1995 मध्ये याचं वर्णन केलं. गाल काळानिळा होतो, दोन आठवडे घराबाहेर पडवत नाही, पण योग्य खड्ड्यावर याचा गुण चांगला येतो. रुंद खड्ड्यांना बारीक सुयांचं यंत्र किंवा फ्रॅक्शनल लेझर. हा लेझर 2004 नंतर आला. तो सगळी कातडी जाळत नाही, मधे मधे निरोगी कातडी सोडून बारीक छिद्रं पाडतो, म्हणून जखम लवकर भरते.

याआधीचा काळ क्रूर होता. जर्मन त्वचावैद्य क्रोमायर यांनी 1905 मध्ये फिरत्या खरखरीत चाकानं चेहरा घासायची रीत काढली, आणि 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिन यांनी तारेच्या ब्रशनं ती सर्वत्र नेली. देवीचे वण आणि मुरमांचे खड्डे, दोन्हींसाठी अख्खा गाल सोलायचे. गोऱ्या कातडीला ते कसंबसं पचे. आपल्या सावळ्या कातडीला जास्त घासलं, जास्त जाळलं, की जखम भरून निघते पण काळा डाग महिनोन्महिने राहतो. म्हणून लेझर जितका जोरात तितका चांगला असं मानणाऱ्या जागेपासून आपल्या मुलींनी लांब राहावं. आमच्या डॉक्टर बाईंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं, की शंभर टक्के सपाट गाल कुणीही देऊ शकत नाही, सुधारणा होते, ती चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं अनेक वेळा बसल्यावर होते, आणि संत्र्याच्या तोडणीत दिवसभर उन्हात राहायचं असेल तर तेवढे महिने थांबून मग सुरू करावं. हे सांगणाऱ्या डॉक्टर मला विश्वासाच्या वाटल्या. नातीनं काडीचा आणि सुईचा इलाज निवडला, लेझर पुढे ढकलला.

जाता जाता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. इलाजाच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो असतात. आधीच्या फोटोत उजेड बाजूनं असेल आणि नंतरच्या फोटोत समोरून, तर एकही सुई न लावता खड्डे निम्मे होतात. मी पोरींच्या आयांसाठी हेच रोज करत होतो. नंतरच्या फोटोत मुलगी हसत असेल, चेहऱ्याला पावडर असेल, मान वर उचललेली असेल, तर तो फोटो इलाजाचा पुरावा नाही. त्यामुळे नातीचे फोटो मी घरी काढतो आणि पद्धत डॉक्टरांना दाखवून ठरवली आहे: एकच खिडकी, एकच वेळ, गाल उजेडाला तिरका, तोंड धुतलेलं, ओठ मिटलेले, कॅमेरा आणि खुर्ची यांच्यातलं अंतर फरशीवर खडूनं आखलेलं. डावा गाल, उजवा गाल आणि समोरून, तिन्ही प्रत्येक बैठकीआधी. सावळ्या कातडीवर मोबाइल आपोआप चेहरा उजळवतो, ते बंद करून घ्यावं लागतं. डॉक्टर बाई आता इतर रुग्णांनाही फोटो असेच काढून आणायला सांगतात.